सोन्यावर चांदी: प्रकल्पाची वही, जानेवारी ते एप्रिल

८ जानेवारी

वही नवी, प्रश्न जुना. सोन्याच्या नॅनोकणावर चांदीचं कवच चढवायचं आणि ते किती जाड असलं की कण कामाला बरा पडतो ते बघायचं. कामं दोन. पहिलं उत्प्रेरकाचं: ४-नायट्रोफिनॉलचं ४-अमिनोफिनॉल करणं. दुसरं हुंगायचं: थायरम नावाचं बुरशीनाशक पाण्यात किंवा फळाच्या सालीवर असेल, तर त्याचा रामन सिग्नल (लेझर टाकला की रेणूकडून परत येणारा त्याचा खास ठसा) वाढवून पकडणं. दोन्ही कामांना एकच जाडी सरस ठरेल अशी आशा धरू नकोस, असं माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. मी धरली आहे. प्रबंधातलं एक प्रकरण वाचेल.

सोनं-चांदीचीच जोडी का, तर दोघांच्या स्फटिकांची मापं जवळजवळ एक आहेत: सोनं ४.०८ अँगस्ट्रॉम, चांदी ४.०९. चांदी सोन्यावर बिनतक्रार बसते. पॅलेडियम घेतलं असतं तर जवळपास पाच टक्क्यांचा फरक सांभाळत बसावं लागलं असतं.

आज नुसते सोन्याचे सीड, म्हणजे गाभ्याचे कण. काचसामान आधी अ‍ॅक्वा रेजियात (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात). लॅबचे मामा नाकाला रुमाल लावून दाराबाहेर उभे. कृती फ्रेन्सची, १९७३ची. तिचं मूळ टर्केविचच्या १९५१च्या कामात. ०.२५ मिलिमोलर क्लोरोऑरिक अ‍ॅसिड ५० मिली, खळखळून उकळी, मग एक टक्का सायट्रेट १ मिली एका दमात. फिकट पिवळं पाणी आधी रंग टाकतं, मग दौत सांडल्यासारखं निळसर काळं होतं, आता बिघडलं असं वाटेपर्यंत काळंच राहतं, आणि मग जांभळ्यातून लालावर येतं. थेट कोकम सरबत. युव्हीत (कुठला प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रात) पीक, म्हणजे आलेखाचा सुळका, ५१९ नॅनोमीटरला. या मापाला कण १६ नॅनोमीटरच्या आसपास धरायचे. अख्ख्या फ्लास्कमध्ये सोनं अडीच मिलिग्रॅम.

११ जानेवारी

पहिलंच कवच फसलं. सीडमध्ये एस्कॉर्बिक अ‍ॅसिड घातलं, (त्याने विरघळलेल्या चांदीचा धातू होतो) मग थेंब थेंब सिल्व्हर नायट्रेट. लाल नारिंगीकडे सरकायला हवा होता, तो ताकासारखा ढवळला. सिल्व्हर क्लोराइड, यात शंका नाही.

सगळ्यांनी मिळून पाण्याला धरलं. डिस्टिलेशनचा कॉइल जुना, नळाचं पाणी निसटत असणार, वगैरे. नळाचं पाणी येतं त्या मोरबे धरणापर्यंत चर्चा गेली. शेवटी मी त्या पाण्यातच सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून बघितला. काचेसारखं स्वच्छ. पाणी निर्दोष.

क्लोराइड आमचंच होतं. क्लोरोऑरिक अ‍ॅसिडात सोन्याच्या दर अणूमागे चार क्लोराइड. ०.२५ मिलिमोलर सोनं म्हणजे १ मिलिमोलर क्लोराइड, सीडमध्येच पोहत असलेलं. चांदीला साका धरायला त्याच्या काही हजारांश भागही पुरतो. हे अकरावीच्या पुस्तकातलं गणित आहे आणि ते करायला मला तीन दिवस लागले.

सीड सेंट्रिफ्यूज करून, वरचं पाणी ओतून, पातळ सायट्रेटमध्ये पुन्हा तेवढ्याच आकारमानात घेतले. दोनदा.

१६ जानेवारी

आता जमतंय. किती चांदी घालायची याचा हिशेब साधा आहे, कारण सोन्याचा आणि चांदीचा अणू जवळपास सारखीच जागा खातो. १६चा गाभा, त्यावर १ नॅनोमीटर कवच म्हणजे बाहेरचा व्यास १८. (१८/१६)चा घन १.४२. म्हणजे सोन्याच्या ०.४२ पट चांदी. माझ्या १० मिली सीडमध्ये सोनं २.५ मायक्रोमोल, तर १० मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट १०६ मायक्रोलिटर. २ नॅनोमीटरला २३८, ३ला ४००, ५ला ८२३. जाडी पाचपट झाली की चांदी जवळजवळ आठपट लागते.

१ नॅनोमीटर म्हणजे चांदीच्या अणूंचे जेमतेम चार थर. कवच म्हणण्यापेक्षा कल्हई म्हणावी.

चार बाटल्या ओळीने ठेवल्या: तांबूस, नारिंगी, झेंडू, हळद. सोन्याचा ५१९चा पीक आधी डावीकडे सरकतो, मग चांदीचा खांदा ४००कडे वर येतो, आणि ५ नॅनोमीटरला सोनं दिसतच नाही. आत आहे, पण बाहेरून निव्वळ चांदी. मामांनी बाटल्यांना बुचं लावून कपाटात ठेवल्या.

२२ जानेवारी

उत्प्रेरण सुरू. नायट्रोफिनॉलमध्ये सोडियम बोरोहायड्राइड पडलं की रंग गडद पिवळा होतो आणि पीक ३१७वरून ४००ला येतो. उत्प्रेरक नसेल तर तो पीक तिथेच बसून राहतो, बोरोहायड्राइड कितीही असो. कण टाकले की ४०० उतरतो, ३००ला अमिनोफिनॉल चढतं. घड्याळ लावून बघत बसायचं. या कामासाठी याहून सोपी परीक्षा नाही, म्हणून सगळे हीच करतात.

बोरोहायड्राइड बर्फात, दर तासाला ताजं. कालचं वापरलं तर आजचा आकडा खोटा.

२४ जानेवारी

५ नॅनोमीटरवाल्याची अभिक्रिया पूर्णच होईना. शोषण ०.५पर्यंत येतं आणि अडतं. अर्धा तास, पाऊण तास, तिथेच. ज्युनियर म्हणाली, "ताई, कण मेले असतील." मीही तसंच लिहून टाकलं होतं.

मेले नव्हते. चांदीचा स्वतःचा पीक ४००लाच आहे! नायट्रोफिनॉल संपलं होतं, आणि मी उरलेल्या चांदीकडे बघत बसले होते. ३ मिलीच्या क्युव्हेटमध्ये (मोजायच्या काचपेटीत) २०० मायक्रोलिटर कोलॉइड (कण तरंगत असलेला द्रव) म्हणजे चांदीच इतकी की तिनेच अर्धा आकडा भरला. आता २० मायक्रोलिटर टाकते, आणि दर नमुन्यासाठी नायट्रोफिनॉल न घातलेला ब्लँक आधी घेते. वरची ओळ खोडली आहे, फाडली नाही.

३ फेब्रुवारी

दर नमुन्याचे तीन-तीन रन झाले. प्रत्येकात कणांची संख्या सारखी ठेवली, वजन नव्हे. वेग-स्थिरांक (मोठा तितकं काम जलद), दर मिनिटाला: नुसतं सोनं ०.२१, १ नॅनोमीटर ०.६२, २ नॅनोमीटर ०.५८, ३ नॅनोमीटर ०.४०, ५ नॅनोमीटर ०.२७.

वर वर बघितलं तर ५ नॅनोमीटरसुद्धा सोन्याहून बरा. पण त्या कणाचं पृष्ठफळ सोन्याच्या कणाच्या २.६ पट आहे. भागून बघितलं की तो सोन्याच्याही खाली जातो. सारखी संख्या आणि सारखं पृष्ठफळ यांतलं एक निवडून दुसरं झाकणारे आलेख मी बरेच पाहिले आहेत. आपण दोन्ही द्यायचे.

पातळ कवच का सरस? मॅडमचं स्पष्टीकरण: चांदीतून इलेक्ट्रॉन सोन्याकडे ओढले जातात, आणि कवच पातळ असेल तोवरच ती ओढ पृष्ठभागापर्यंत जाणवते. जाड झालं की बाहेरच्या थराला आत सोनं आहे याचा पत्ताही नसतो. पटतं, पण मी अजून "असावं" असंच लिहिते.

१२ फेब्रुवारी

पवईला आयआयटीच्या सैफमध्ये (मोठी उपकरणं असलेल्या केंद्रात) टीईएम, म्हणजे कणांचे फोटो काढणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. ऐरोली पुलावरून रिक्षाने गेले. नमुन्यांच्या ग्रिड (बारीक जाळीच्या चकत्या) मांडीवर, डबी दोन्ही हातांनी धरलेली. रिक्षावाल्याने विचारलं, "दागिना आहे का?" म्हटलं, एका परीने.

सोनं काळं दिसतं, चांदी करडी, कारण सोन्याचा अणुक्रमांक ७९ आणि चांदीचा ४७. जड अणू इलेक्ट्रॉन जास्त उधळतो. २ नॅनोमीटरवाला नमुना बघून बरं वाटलं: काळी बी, भोवती एकसारखी करडी कड. ५ नॅनोमीटरवाल्यात मात्र गाभा नसलेली सुटी चांदीही बरीच. घाईने घातलेली चांदी आपापला संसार थाटून बसली. म्हणजे खरं कवच हिशेबाहून पातळ, ४च्या आसपास. १ नॅनोमीटरवाल्याचं कवच कुठे आहे, कुठे नाही. ठिगळं आहेत. मग त्याचा वेग इलेक्ट्रॉनांच्या ओढीने वाढला की सोनं आणि चांदी शेजारी शेजारी उघडी पडल्याने, हे या चित्रावरून सांगता येणार नाही. मॅडमना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिही तसंच."

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. रामन यांच्या १९२८मधल्या याच तारखेच्या शोधावर माझा अर्धा प्रकल्प उभा आहे, पण दिवस गेला शाळेच्या मुलांना लेझर दाखवण्यात. सोन्याच्या कोलॉइडमधून किरण गेला की आत रेघ दिसते, साध्या पाण्यात दिसत नाही. फॅरेडेने १८५७ साली अशाच लाल सोन्याच्या द्रवांवर लिहिलं होतं, हे सांगितलं. सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "हे विकलं तर किती येतील?" अडीच मिलिग्रॅम म्हटल्यावर त्याचा रस संपला.

५ मार्च

रामनचा स्लॉट, दुसऱ्या संस्थेत, तीन तास. लेझर ७८५ नॅनोमीटरचा. थायरमच्या रेणूत गंधक आहे, त्याने तो चांदीला घट्ट बिलगतो. सगळ्यांत मोठा पीक १३८० वेव्हनंबरला, आणि ५६०ला एक. कण एकमेकांजवळ यावेत म्हणून थोडं मॅग्नेशियम सल्फेट. थेंब वाळवला तर चहाच्या कपाखालच्या डागासारखं सगळं कडेला जमतं आणि दर जागी वेगळा आकडा येतो, म्हणून ओल्यातच मोजलं.

इथे जाड कवच जिंकलं. सोन्यावर १०⁻⁵ मोलर थायरम, म्हणजे लिटरला २.४ मिलिग्रॅम, कसंबसं दिसतं. ५ नॅनोमीटरवर तोच पीक आलेखाच्या बाहेर. १०⁻⁶, १०⁻⁷, सगळीकडे १३८० ठळक. आशा संपली: दोन कामं, दोन जाड्या. प्रकरणं दोनच लिहावी लागणार.

शेवटच्या वीस मिनिटांत द्राक्षं काढली. वाशीच्या एपीएमसीतून सकाळी आणलेली. काहींच्या सालीवर मी मोजून थायरम लावलं होतं, काही तशीच. तशीच होती त्यांच्या धुवणातही १३८०!

ठाण्याच्या गाडीत उभ्यानेच मसुद्याचं पहिलं वाक्य जुळवलं. घरी आल्यावर आईला सांगितलं, द्राक्षं फेकून दे.

९ मार्च

मॅडमनी आलेख बघितले आणि एकच विचारलं. "ब्लँक कुठाय?"

नुसत्या कोलॉइडचा ब्लँक मी घेतलाच नव्हता. युव्हीला दर वेळी घेते, रामनला वेळ संपत आला म्हणून सोडला. शिवाय त्यांनी दाखवल्यावर दिसलं की १०⁻⁶ आणि १०⁻⁷ यांच्या उंचीत फारसा फरकच नाही. दहापट कमी थायरम आणि पीक तेवढाच. हे मला गाडीत उभ्याने दिसलं नव्हतं.

११ मार्च

हातापाया पडून अर्ध्या तासाचा स्लॉट मिळवला. नुसतं कोलॉइड, थायरम नाही, द्राक्षं नाहीत. १३८०. खाली ५६०ही.

पिपेट? नवी टिप, तेच. मॅग्नेशियम सल्फेट? न घालता पीक बारीक, पण आहे. म्हणजे गुन्हेगार बाटलीतच.

१३ मार्च

आज खाडीवर आळ. सुकती लागली की खिडकीतून चिखलाचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. आणि बाटल्यांमधली हळद गेल्या महिनाभरात मातकट झाली आहे. शेजारच्या लॅबमधल्यांनी लगेच एमआयडीसीचंही नाव घेतलं. गंधकाने चांदी काळी पडते हे पैंजण घालणाऱ्या कुणालाही माहीत. हिशेब केला: १ नॅनोमीटरवाल्या १० मिलीतलं सगळं कवच सल्फाइड व्हायला १८ मायक्रोग्रॅम हायड्रोजन सल्फाइड पुरे. इतकं तर कुठूनही येईल.

पण १३८०चा मेळ बसत नाही. हायड्रोजन सल्फाइडात कार्बनही नाही, नायट्रोजनही नाही. त्याने बाटली काळी पडेल, थायरमचा ठसा कसा उठेल? लेड अ‍ॅसिटेटचा ओला कागद (हायड्रोजन सल्फाइड लागला की काळा पडतो) रात्रभर खिडकीत टांगला. सकाळी पांढरा. खाडी या खेपेला सुटली. समोर चिखलात फ्लेमिंगो माना घालून चरत होते, त्यांना कशाचंच काही नव्हतं.

१४ मार्च

मामा बाटल्या पुसत होते. म्हणाले, "ताई, ती काचेच्या बुचाची एक तेवढी पिवळीधमक राहिलीय बघा. बाकी सगळ्या कळकटल्या."

सोळा जानेवारीला काचेची बुचं कमी पडली होती. एकच होतं. बाकीच्यांना मामांनी रबरी बुचं लावली, मीच सांगितलं होतं की बाष्प जाऊ देऊ नका.

रबर गंधकाने पक्कं करतात, एवढं शाळेत शिकलेलं. जे मला वाचून काढावं लागलं ते हे: पक्कं व्हायची क्रिया वेगाने व्हावी म्हणून रबरात त्वरक घालतात, आणि नेहमीच्या त्वरकांपैकी एक आहे टेट्रामिथिलथायुरम डायसल्फाइड. रबरवाले त्याला टीएमटीडी म्हणतात. शेतीवाले त्यालाच थायरम म्हणतात. रेणू तोच, गोणीवरचं नाव वेगळं. रबरी हातमोज्यांनी काहींच्या हातांना खाज उठते ती याच कुळातल्या रसायनांमुळे.

मी जवळजवळ दोन महिने माझ्या सेन्सरला थायरमचं बूच लावून ठेवलं होतं.

१७ मार्च

अंदाज पुरेसा नाही. एका बुचाचे ब्लेडने तांदळाएवढे तुकडे केले, अल्कोहोलमध्ये रात्रभर भिजवले. त्या अल्कोहोलचा एक थेंब काचबंद बाटलीतल्या स्वच्छ कोलॉइडमध्ये. १३८०, ५६०, शुद्ध थायरमच्या आलेखावर ठेवला तर तसूभर फरक नाही. नुसतं अल्कोहोल घातलं तर काहीच नाही.

काळपटपणासाठी सराफाकडून आणलेल्या चांदीच्या तारेचे दोन तुकडे घासून चकचकीत केले. दोन काचेच्या डब्या, दोन्हींत पाण्याचा थेंब, एकीत रबराचे तुकडे. ६० अंशांच्या ओव्हनमध्ये. संग्रहालयवाले प्रदर्शनाच्या कपाटातलं सामान असंच पारखतात. ब्रिटिश म्युझियममधल्या ऑडीने १९७३ साली सुचवलेली परीक्षा आहे. ती २८ दिवसांची. (नंतरची नोंद: आमच्या तारेने चौथ्या दिवशीच पिवळी झाक धरली.)

२२ मार्च

(तार आता तपकिरी. दुसरी तशीच.)

आईला फोन केला. द्राक्षांत काही सापडलं नाही. म्हणजे काही नाही असंही सिद्ध झालेलं नाही, मोजणंच बाद झालंय. ती म्हणाली, "मग खाऊ की नको, ते सांग." धुऊन खा म्हटलं. फेकलेली द्राक्षं तिने फेकली नव्हतीच.

२ एप्रिल

सगळं पुन्हा. नवे सीड, नवी कवचं, काचेची बुचं, चांदी या वेळी दीड तास रेंगाळत घातली. ब्लँक सपाट. आता १०⁻⁵, मग १०⁻⁶ नीट उतरत्या क्रमाने. १०⁻⁶ म्हणजे लिटरला ०.२४ मिलिग्रॅम. १०⁻⁷ला मॅडमना पीक दिसतो, मला दिसत नाही. मर्यादा १०⁻⁶ लिहिली. न लावलेल्या द्राक्षांचं धुवण: सपाट. लावलेल्यांचं: १३८०.

उत्प्रेरणाचे आकडेही तपासायला हवे होते, कारण त्या बाटल्यांनाही तीच बुचं. सुदैवाने ते रन पहिल्या तीन आठवड्यांत झाले होते. नव्या १ नॅनोमीटरचा वेग ०.६६. जुना ०.६२. थोडं विष तेव्हाही भिनलं असेल, पण क्रम बदलत नाही.

९ एप्रिल

मॅडमच्या डोक्यात नवीन: ५ नॅनोमीटर चांदीवर सोन्याची पापुद्र्याएवढी साल चढवायची, म्हणजे गंधक आत शिरणार नाही.

सरळ क्लोरोऑरिक अ‍ॅसिड घातलं आणि हात भाजले. सोनं स्वतः धातू व्हायला चांदीकडून इलेक्ट्रॉन हिसकावतं: सोन्याचा एक अणू बसतो तेव्हा चांदीचे तीन उठून जातात. हळदी रंग दहा मिनिटांत जांभळा, पीक ५६०ला. कवच आतून पोखरलं गेलं. उत्प्रेरक म्हणून ही पोकळ भांडी बरी असतात म्हणे. आपल्याला आज ती नको होती.

१५ एप्रिल

आधी सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ११ केला, मग भरपूर एस्कॉर्बिक अ‍ॅसिड, आणि सोन्याचं द्रावण सिरिंज पंपाने, अगदी पातळ, अगदी सावकाश. अल्कलीत एस्कॉर्बिक अ‍ॅसिड इतकं चपळ होतं की चांदीला हात लावण्याआधीच ते सोन्याला इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. पीक ४०२वरून ४०९ला आला आणि थांबला. रंग हळदीवरून मधाचा.

दोन बाटल्या, मुद्दाम रबरी बुचं लावून, ६ दिवसांसाठी: एक सालीची, एक बिनसालीची.

२१ एप्रिल

बिनसालीची मातकट, पीक पसरलेला. सालीची मधाचीच, सरक २ नॅनोमीटर. मात्र तिचा रामन सिग्नल ताज्या चांदीच्या निम्माच आहे. आणि साल काळं पाडणारं गंधक अडवते, थायरम काही अडवत नाही: रबराखाली ठेवलेल्या सालीच्या बाटलीतही १३८० आहेच. अडवायला नकोच होतं म्हणा, त्याला पकडण्यासाठीच तर हे सगळं.

काचेच्या बुचाच्या चोवीस बाटल्यांची मागणी टाकली. मामा जुनी बुचं टाकायला निघाले होते, त्यांना थांबवलं. पॉझिटिव्ह कंट्रोल (ज्यात थायरम नक्की आहे असा ताडून बघायचा नमुना) म्हणून लागतील. त्यांनी ती एका डब्यात भरली, झाकणावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं: "थायरम. बाटलीला लावू नये."

डबा काचेचा आहे का, ते बघून घेतलं.